वेबसाइटची जागा भाड्याने घेताना

दुकानास गाळा भाड्याने घ्यावयाचा तर आपल्या वडीलधाऱ्यांची एक ठरलेली रीत असे. ते गाळा एकदा उन्हाळ्यात पाहत आणि एकदा भर पावसात पाहत. छप्पर गळते काय, रात्री राखणदार जागा असतो काय, शेजारच्या गाळ्यात कसला माल भरतात, मालकाचा स्वभाव कसा आहे, या सर्वांची खातरजमा झाल्यावाचून ते विसार देत नसत. भाडेपट्ट्याचे प्रत्येक कलम मुनीमजींकडून मोठ्याने वाचवून घेत. आज त्यांचीच मुलेनातवंडे दुकानाची वेबसाइट काढतात, तेव्हा जाहिरातीतील पहिल्या वर्षाचा दर पाहून पाच मिनिटांत पैसे भरून मोकळी होतात. पट्टा कोणी वाचीत नाही, कारण तो आपल्याला पट्टा वाटतच नाही.

आमचा व्यापार तांब्यापितळेच्या व स्टीलच्या भांड्यांचा. संगणकशास्त्राचे आम्ही पंडित नव्हे. परंतु या कामी आम्हांस चांगलीच ठेच लागली आहे, आणि पुढच्यास ठेच लागली तर मागच्याने शहाणे व्हावे, अशी म्हण आपल्याकडे आहेच. लहान दुकानाच्या लहान वेबसाइटसाठी स्वस्त होस्टिंग कसे पारखून घ्यावे, हे आमच्या अनुभवाच्या आधारे सभासद बांधवांपुढे ठेवीत आहो.

होस्टिंग म्हणजे काय

वेबसाइट म्हणजे अखेर काही फाइली: दुकानाची माहिती, मालाची छायाचित्रे, भावपत्रक, पत्ता व दूरध्वनी क्रमांक. या फाइली अहोरात्र चालू राहणाऱ्या आणि इंटरनेटला जोडलेल्या एखाद्या संगणकावर ठेवाव्या लागतात. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात, आणि त्यावरील जागा भाड्याने देण्याच्या व्यवसायास होस्टिंग म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. तेथे ज्या संगणकाने पहिल्या सर्व्हरचे काम केले, त्यावर ‘हा सर्व्हर आहे, बंद करू नये’ अशा अर्थाची चिठ्ठी चिकटविलेली होती. सर्व्हर बंद झाला की दुकान बंद, ही गोष्ट आजही तशीच आहे.

स्वस्त होस्टिंग स्वस्त का असते, हेही समजून घेतले पाहिजे. एका मोठ्या सर्व्हरवर शेकडो ग्राहकांच्या वेबसाइट एकत्र ठेवलेल्या असतात. यास शेअर्ड होस्टिंग म्हणतात. चाळीत नळ सामाईक असतो, तसाच हा प्रकार. सर्वांनी बेताने पाणी भरले तर कोणाचेच अडत नाही. परंतु एकाने पहाटेपासून नळ सोडून ठेवला तर इतरांच्या घागरी रिकाम्या राहतात. शेजारच्या एखाद्या वेबसाइटवर एकाएकी गर्दी झाली की आपली वेबसाइट मंदावते, ती याच कारणाने. चांगला मालक प्रत्येकास पाण्याचे माप ठरवून देतो. वाईट मालक भाडेकरूच वाढवीत जातो.

आता एक महत्त्वाचा भेद. वेबसाइटची जागा वेगळी आणि तिचे नाव वेगळे. डॉट कॉम किंवा डॉट इन असे शेवटी लावून आपण जे नाव घेतो, त्यास डोमेन म्हणतात. डॉट कॉमसारख्या नावांचे जागतिक नियम १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था ठरविते; आपल्या देशाच्या डॉट इन नावांचे व्यवस्थापन निक्सी या संस्थेकडे आहे. नाव ही दुकानाची पाटी आहे. गाळा बदलला तरी पाटी आपल्याबरोबर नेता येते, आणि गिऱ्हाईक पाटी पाहूनच येते. जागा व नाव या दोन गोष्टी एकच आहेत असे आम्ही समजलो, तेथेच आमची चूक झाली.

आमच्यावर आलेला प्रसंग

२०१९ साली आम्ही ओळखीतल्या एका होतकरू तरुणाकडून वेबसाइट करवून घेतली. नाव व जागा मिळून तीन वर्षांचे पैसे एकरकमी दिले. आमच्या सूनबाईंनी दोन उन्हाळे खपून सुमारे ६०० भांड्यांची छायाचित्रे काढली, प्रत्येकाचे वजन व माप लिहिले. त्यांत आमच्या आजोबांच्या वेळचे काही घाट होते, जे घडविणारे कारागीर आता राहिलेले नाहीत. ती भांडीही पुढे विकली गेली. छायाचित्रे वेबसाइटवर चढविली, आणि भ्रमणध्वनीतील जागा भरली म्हणून तेथून पुसून टाकली. वेबसाइटवर आहेत म्हणजे सुरक्षित आहेत, असा आमचा समज होता.

२०२२ च्या ऐन लगीनसराईत एका जुन्या गिऱ्हाइकाचा दूरध्वनी आला, की तुम्ही दुकान बंद केले काय. पत्र पाठविले तर परत येते आणि वेबसाइटच्या जागी भलतीच जाहिरात दिसते. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. नाव त्या तरुणाच्या नावावर नोंदविलेले होते. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या एका जुन्या ई-मेल पत्त्यावर जात होत्या. तो नोकरीनिमित्त परदेशी गेला होता आणि तो पत्ता त्याने सोडून दिला होता. त्याच्या काकांकडून ठावठिकाणा मिळवून त्याला गाठीपर्यंत आणखी पंधरवडा गेला. त्याने मनापासून मदत केली. लबाडी कोणाचीच नव्हती. नेहमीच्या दराच्या कितीतरी पट दंड भरून नाव परत मिळाले. जागेची मुदत मात्र संपून गेली होती, आणि पट्ट्यातील कलमाप्रमाणे मालकाने फाइली पुसल्या होत्या. ती छायाचित्रे गेली ती गेलीच. सूनबाईंनी एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्याचेच आम्हांस अधिक वाईट वाटले.

त्यानंतर नवी जागा घेताना आम्ही ज्या कसोट्या लावल्या, त्या येणेप्रमाणे.

नाव कोणाच्या नावावर आहे

ही पहिली व सर्वांत मोठी कसोटी. नाव पेढीच्या किंवा मालकाच्या नावावर नोंदविलेले असावे, आणि खात्याचा परवलीचा शब्द आपल्यापाशी असावा. वेबसाइट बनविणाऱ्यास काम करण्यापुरता प्रवेश द्यावा. मालकी देऊ नये. आयकॅनच्या नियमाप्रमाणे डॉट कॉमसारख्या नावाची मुदत संपण्यापूर्वी सुमारे एक महिना व सुमारे एक आठवडा अशा दोन सूचना, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक सूचना पाठविणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. परंतु या सूचना नोंदविलेल्या ई-मेल पत्त्यावरच जातात. तो पत्ता आपल्याच डोमेनवरचा असू नये. नावाची मुदत संपली की त्या नावावरील टपालही थांबते, आणि सूचना वाचणार कोठे?

कित्येक होस्टिंगवाले पहिल्या वर्षी नाव फुकट देतात. यात गैर काही नाही. परंतु जागा सोडून जाताना ते नाव कोणत्या अटींवर नेता येईल, हे आधी विचारून घ्यावे. नाव दुसरीकडे हलविण्यास ऑथ कोड म्हणून एक गुप्त संकेतांक लागतो. तो मागितल्याबरोबर देणारा विक्रेता सरळ समजावा. नव्याने घेतलेले डॉट कॉम नाव पहिले ६० दिवस सामान्यतः हलविता येत नाही, हेही ध्यानात असावे. आम्ही आता नाव एकाकडे व जागा दुसऱ्याकडे ठेवितो. एकाशी बिनसले तरी दुसरे हाती राहते.

दुसऱ्या मुदतीचा दर

जाहिरातीत जो दर मोठ्या अक्षरांत असतो, तो पहिल्या मुदतीपुरता असतो, आणि तोही बहुधा दोनतीन वर्षांचे पैसे एकदम भरल्यास. एक हिशेब करून पाहू. समजा, पहिली तीन वर्षे दरमहा ९९ रुपये आणि पुढील तीन वर्षे दरमहा २९९ रुपये असा दर आहे. पहिल्या ३६ महिन्यांचे ३,५६४ रुपये, पुढील ३६ महिन्यांचे १०,७६४ रुपये, एकूण १४,३२८. म्हणजे सहा वर्षांची सरासरी दरमहा १९९ रुपये झाली. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की सुमारे २३५ रुपये. तेव्हा ९९ रुपयांच्या जागेची तुलना दुसऱ्याच्या १५० रुपयांच्या कायम दराशी करावयाची, तर ती या २३५ रुपयांवरून करावी, आणि त्या १५० रुपयांवरही कर धरावा. जीएसटी नोंदणी असलेल्या पेढीस या कराची वजावट घेता येते. कंपोझिशन योजनेतील दुकानदारास ती मिळत नाही.

दर वाढण्यास कधी मालकाचाही इलाज नसतो. पुष्कळ होस्टिंगवाले ग्राहकांस जागेचा कारभार पाहण्यासाठी सीपॅनेल हा कार्यक्रम देतात. २०१९ साली त्या कंपनीने एका सर्व्हरला ठरावीक रक्कम ही पद्धत बदलून खात्यांच्या संख्येप्रमाणे आकारणी सुरू केली, आणि एका सर्व्हरवर पुष्कळ भाडेकरू ठेवणाऱ्यांचा खर्च वाढला. अशी वाढ शेवटी भाडेकरूकडेच येते. म्हणून प्रथम महिन्याच्या किंवा फार तर एका वर्षाच्या बोलीने जागा घ्यावी, अनुभव पाहावा, आणि मग लांब मुदतीचा विचार करावा.

कार्डावरून पैसे आपोआप कापले जातील, यावरही विसंबू नये. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने अशा आवर्ती वसुलीस ग्राहकाच्या पूर्वसंमतीचे कडक नियम लागू केले. ते आपल्या हिताचेच आहेत. परंतु संमतीची नोंद नसेल तर वसुली होत नाही आणि मुदत टळून जाते.

‘अमर्यादित’ या शब्दाचा अर्थ

अमर्यादित जागा, अमर्यादित वर्दळ, असे शब्द जाहिरातीत सर्रास दिसतात. ज्या सर्व्हरला स्वतःलाच मर्यादा आहे, त्यावर अमर्याद जागा कोण देणार? खरी मर्यादा पट्ट्यातील बारीक अक्षरांत असते: एकूण फाइली किती ठेवाव्या, स्मृती व प्रक्रियाशक्ती किती वापरावी, एका तासात ई-मेल किती पाठवावे. हे आकडे विचारून लिहून घ्यावेत.

आपली गरज मात्र सहसा फारच थोडी असते. ६०० छायाचित्रे प्रत्येकी २०० किलोबाइटची केली तर सारी मिळून १२० मेगाबाइट होतात. तीच भ्रमणध्वनीतून जशीच्या तशी, प्रत्येकी ४ मेगाबाइटची, चढविली तर २,४०० मेगाबाइट होतात. जागा वीसपट लागते आणि गिऱ्हाइकाला पान उघडेपर्यंत ताटकळावे लागते. छायाचित्रे लहान करून चढविणे ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे, आणि तिला कोणाची परवानगी लागत नाही.

चालू राहण्याची हमी

९९.९ टक्के वेळ सर्व्हर चालू राहील, अशी हमी बहुतेक जण देतात. वर्षाचे तास ८,७६०. त्यांपैकी एकदशांश टक्का म्हणजे सुमारे पावणेनऊ तास. हमी केवळ ९९ टक्क्यांची असेल तर साडेतीन दिवसांहून अधिक काळ दुकान बंद राहूनही हमी पाळली गेली असे ठरते. हमी मोडल्यास भरपाई कोणती, हेही पाहावे. ती बहुधा त्या महिन्याच्या भाड्याचा काही भाग पुढील बिलात वळता करण्यापुरती असते, आणि तीही आपण मागणी केल्यास. दरमहा ९९ रुपयांच्या भाड्यावर अशी भरपाई किती मिळणार, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. म्हणून हमीपेक्षा प्रत्यक्ष पडताळा बरा. दर पाच मिनिटांनी आपली वेबसाइट उघडते काय हे पाहून बंद पडल्यास ई-मेलने कळविणाऱ्या सेवा फुकट मिळतात. पहिला महिनाभर अशी पहाऱ्याची सोय लावून ठेवावी.

सर्व्हर कोणत्या देशात आहे, हेही विचारावे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे १२,५०० किलोमीटर. जाऊन येऊन २५,०००. म्हणजे एका खेपेस सेकंदाचा आठवा हिस्सा तरी लागणारच, आणि समुद्राखालील तारा सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात याहून अधिक लागतो. एक पान उघडण्यास अशा अनेक खेपा होतात. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, गोवा या टापूत ज्याचे गिऱ्हाईक आहे, त्याने मुंबईसारख्या देशातीलच सर्व्हरवर जागा घ्यावी. दर सारखाच असेल तर अमेरिकेतील जागा घेण्यात काहीच लाभ नाही.

कुलूप आणि दुसरी प्रत

पत्त्याच्या आरंभी कुलपाचे चिन्ह आणणारे प्रमाणपत्र आता चैनीची वस्तू राहिलेले नाही. २०१८ च्या जुलैपासून क्रोम हा ब्राउझर अशा प्रमाणपत्रावाचूनच्या वेबसाइटवर ‘असुरक्षित’ असा शेरा दाखवू लागला. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून साधे प्रमाणपत्र विनामूल्य देत आली आहे, आणि चांगले होस्टिंगवाले ते आपोआप बसवितात. त्यासाठी कोणी दरवर्षी वेगळे पैसे मागू लागला तर कारण विचारावे.

प्रतीविषयी मात्र अधिक सांगितले पाहिजे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या सर्व्हरगृहास आग लागली आणि एक संपूर्ण इमारत जळाली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही; परंतु नेटक्राफ्ट या पाहणी करणाऱ्या संस्थेच्या मोजणीप्रमाणे सुमारे ३६ लाख वेबसाइट बंद पडल्या. ओव्हीएच ही किरकोळ कंपनी नव्हे, युरोपातील अग्रगण्य होस्टिंग कंपन्यांपैकी ती एक आहे. कित्येक ग्राहकांच्या दुसऱ्या प्रती त्याच आवारात होत्या आणि त्याही मूळ प्रतीबरोबर जळाल्या. वखारीतील मालाची यादी वखारीतच ठेवावी, तसे हे झाले.

तेव्हा होस्टिंगवाला रोज प्रत काढतो हे ऐकून समाधान मानू नये. प्रत कोठे ठेवतो, किती दिवस ठेवतो, ती परत बसविण्याचे पैसे घेतो काय, हे विचारावे. आणि त्याने काहीही सांगितले तरी एक प्रत दुकानाच्या संगणकावर व एक घरी वेगळ्या डिस्कवर आपली आपण ठेवावी. आमच्याकडे आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सूनबाई प्रत उतरवून घेतात, आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहतात. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही.

हाकेला ओ देणारा कोण

पैसे भरण्यापूर्वी रात्री नऊच्या सुमारास किंवा रविवारी होस्टिंगवाल्यास एक प्रश्न लिहून पाठवावा: ‘उद्या आम्ही जागा सोडली तर आमच्या सर्व फाइली व माहितीसाठा आम्हांस कोणत्या रीतीने मिळेल, आणि मुदत संपल्यावर किती दिवस जपून ठेविला जाईल?’ उत्तर किती वेळात आले, नेमके आले की ठोकळेबाज आले, यावरून पुष्कळ कळते. विकताना जो टाळाटाळ करतो, तो विकल्यावर कसा वागेल याचा अंदाज करावा.

शिफारशींविषयीही सावध असावे. अमुक होस्टिंग सर्वोत्तम असे सांगणाऱ्या पुष्कळांस प्रत्येक नव्या ग्राहकामागे दलाली मिळते. दलाली हा प्रतिष्ठित व्यवसाय आहे. आपल्या बाजारात तर तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु दलालाचे बोलणे दलालाचे म्हणून ऐकावे. ज्याने त्याच जागेत दोनतीन वर्षे काढली आहेत आणि एकदा तरी दुसऱ्या मुदतीचे पैसे भरले आहेत, अशा आपल्याच एखाद्या बांधवास विचारणे अधिक चांगले.

स्वस्त घ्यावे की न घ्यावे

एवढे वाचून स्वस्त होस्टिंग वाईटच, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. पत्ता, वेळ, मालाची छायाचित्रे व भाव एवढेच दाखवावयाचे असेल, तर स्वस्त जागा पुरेशी आहे. आम्ही स्वतः आजही तशाच जागेत आहो. महाग जागेत आमची छायाचित्रे वाचली असती असेही नाही, कारण चूक दराची नव्हती, आमच्या गाफीलपणाची होती. वेबसाइटवर मागण्या नोंदवून पैसेही घ्यावयाचे असतील, तर मात्र एक पायरी वरची जागा घ्यावी, आणि पैशांची देवघेव मान्यताप्राप्त पेमेंट गेटवेमार्फतच करावी. गिऱ्हाइकाच्या कार्डाचा क्रमांक आपल्यापाशी साठवून ठेवू नये.

अगदी फुकट जागेविषयी मात्र आमचे मत प्रतिकूल आहे. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेवर असंख्य लोकांनी फुकट पाने थाटली. १९९९ साली ती याहू कंपनीने विकत घेतली आणि २००९ साली, जपान वगळता, बंद केली. ज्यांनी वेळीच प्रती काढल्या नाहीत, त्यांची वर्षांची मेहनत त्यांच्या हातून गेली. जेथे भाडे नाही, तेथे पट्टाही नाही.

शेवटी एक सूचना करून लेख पुरा करितो. पेढीच्या वहीत एक पान वेबसाइटसाठी राखून ठेवावे. नाव कोठे नोंदविले, कोणाच्या नावावर, मुदत केव्हा संपते; जागा कोणाची, दुसऱ्या मुदतीचा दर काय; सूचना कोणत्या पत्त्यावर येतात; शेवटची प्रत केव्हा उतरविली व कोठे आहे, एवढे त्यावर लिहावे. परवलीचे शब्द त्या पानावर लिहू नयेत. ते कोणापाशी आहेत एवढेच लिहावे, आणि ते घरातील किमान दोघांस ठाऊक असावेत. दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी हे पान उघडून तारखा तपासाव्यात. आम्ही ही रीत २०२२ च्या दिवाळीपासून पाळीत आहो. त्याच दिवाळीनंतर सूनबाईंनी पहिल्यापासून पुन्हा छायाचित्रे काढावयास आरंभ केला. जुने घाट परत मिळणार नाहीत. परंतु जे आज दुकानात आहे, त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत.